नकाशातून गेलेलं राजापूर

कोकणकन्येत समोरच्या आजोबांनी विचारलं, "कुठं उतरणार?" राजापूर म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "नाथ पैंचं राजापूर!"

नाथ पै मूळचे वेंगुर्ल्याचे. 1957, 1962 आणि 1967 मध्ये राजापूर मतदारसंघानं त्यांना लोकसभेवर पाठवलं. जानेवारी 1971 मध्ये ते गेले. दोनच महिन्यांनी इंदिरा लाटेत विरोधकांचे भलेभले आडवे झाले, पण राजापूरनं मधू दंडवत्यांना निवडलं. 1984 च्या लाटेतही त्यांनाच. असा बाणेदार मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत मोडीत निघाला, याची चुटपुट मला कधीची लागलेली आहे.

राजापूर रोड स्टेशनापासून गाव दूर. रिक्षावाल्यानं तोंडाला येईल ते भाडं सांगितलं, लॉजवर डासांनी रात्रभर झोपू दिलं नाही आणि सकाळी नळ कोरडा. धूतपापेश्वर, गंगेची कुंडं, इंग्रजांच्या वखारीची जागा उरकून मी एका निवृत्त इतिहास शिक्षकांचं घर गाठलं.

"मतदारसंघ कसला, दोन माणसांची पुण्याई ती," गुरुजी म्हणाले. मला ते पटेना. 1991 मध्ये याच मतदारांनी दंडवत्यांना हरवून काँग्रेसचे सुधीर सावंत निवडले, 1996 पासून चार वेळा शिवसेनेचे सुरेश प्रभू. पुण्याईवर चालणारे लोक असं करतात का?

गुरुजींनी उत्तरादाखल एक जुनी मतदारयादी पुढ्यात टाकली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या. नावांसमोर तांबड्या पेन्सिलीनं लिहिलेलं: मुंबई, मुंबई, मुंबई. एका वाडीत तर घरटी एक नाव. "पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाली. आमची माणसं परळ-लालबागला, डोंबिवली-विरारला मोजली गेली. खासदार माणसांमागे जातो, डोंगरामागे नाही."

यावर मात्र मी निरुत्तर झालो. कोकण रेल्वेची गोष्टही तेच सांगते. रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गाद्या घालणारे दंडवते कोकण रेल्वेसाठी झगडत राहिले. 1998 मध्ये ती पूर्ण मार्गावर धावू लागली, तोवर ते खासदारही नव्हते. रेल्वेनं चाकरमानी गणपतीला घरी येतो. मत मात्र मुंबईतच देतो.

गुरुजींनी मग देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या विधानसभा मतदारसंघांचीही नावं घेतली. तेही त्याच पुनर्रचनेत गेले. पुढं विजयदुर्गला जायचा बेत मी तिथंच रद्द केला आणि वेंगुर्ल्याच्या एसटीची चौकशी करायला स्टँडवर गेलो.