पुसतां येणारें यंत्र

पन्नाशी उलटलेल्या मनुष्यानें नवी विद्या शिकूं नये, असें कोणत्याहि शास्त्रांत सांगितलेलें नाहीं. पण आमच्या वर्गांतील तरुण मंडळी आमच्याकडे ज्या दृष्टीनें पाहतात, तिच्यावरून तसें एखादें वचन असावें, अशी आम्हांस दाट शंका आहे. तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. संगणकाशीं आमचा संबंध पत्रें लिहिणें आणि गुण भरणें एवढ्यापुरताच. असें असतां गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं लिनक्सचा एक सर्व्हर स्वतःच्या हातांनीं उभा करण्याचा घाट घातला.

कारण कौटुंबिक होतें. आमची कन्या बंगळूरास नोकरी करते. रात्रंदिवस जागे राहून इतर संगणकांच्या मागण्या पुरविणारे जे संगणक, ते सर्व्हर. त्यांची देखरेख करणें हें तिचें काम. मध्यरात्रीं तिचा फोन वाजतो, ती उठते आणि कोठला तरी आजारी सर्व्हर बरा करून पुन्हां निजते. 'मुलगी काय करते?' असें कोणीं विचारलें म्हणजे 'संगणकाचें कांहीं तरी' असें म्हणून आम्ही विषय बदलीत असूं. या अज्ञानाची आम्हांसच लाज वाटूं लागली होती.

'त्यासाठीं दुसरा संगणक नको, बाबा,' ती फोनवर म्हणाली. 'तुमच्या लॅपटॉपच्या पोटांतच एक बनवा.'

व्हर्च्युअल मशीन म्हणतात तें हेंच. कल्पना नवी नव्हे. आय. बी. एम. कंपनीनें १९७२ सालीं आपल्या मोठ्या संगणकांसाठीं व्हीएम/३७० ही व्यवस्था जाहीर केली. तींत एकाच यंत्रावर काम करणाऱ्या प्रत्येकास, अवघें यंत्र आपल्या एकट्याच्या हातीं आहे, असें वाटे. आम्हीं व्हर्च्युअलबॉक्स घेतला, आंतल्या यंत्रास २ गिगाबाइट मेमरी दिली आणि २० गिगाबाइटांची डिस्क नेमून दिली. ही डिस्क म्हणजे वस्तुतः आमच्या लॅपटॉपवरील एक फाइल. पण आंतल्या यंत्रास ती खरीच वाटते. रज्जूवर सर्प भासावा, तशी फाइलवर डिस्क भासते.

या यंत्रांत आम्हीं डेबियन बसविण्याचें ठरविलें. लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठांतील एकवीस वर्षांचा विद्यार्थी. त्यानें १९९१ सालीं लिनक्सचें आपलें अपुरें काम जगास कळविलें आणि सूचना मागितल्या. अपुरेपणाची त्यास लाज वाटली नाहीं. त्या गाभ्याभोंवतीं इतर साहित्य जुळवून १९९३ सालीं डेबियनचा उपक्रम सुरू झाला, व तो आजहि स्वयंसेवकांच्या बळावर चालतो.

भाषा, कीबोर्ड, यंत्राचें नांव, परवलीचा शब्द, येथवर आम्ही सुखरूप आलों. मग प्रश्न आला: संपूर्ण डिस्क वापरावी काय? तिच्यावरील सर्व मजकूर पुसला जाईल. आमच्या अंगास घाम सुटला. त्या लॅपटॉपवर आमचीं तीस वर्षांचीं टिपणें होतीं. कन्येस फोन केला. 'पुसली जाईल ती आंतली डिस्क,' ती म्हणाली. 'बाहेरचें तिला कांहीं दिसतच नाहीं.' आम्हीं डोळे मिटून होय म्हटलें. टिपणें शाबूत राहिलीं. पुढें, चित्रमय पडदा नको, दूरून आज्ञा घेणारें एसएसएच हवें, अशी निवड केली. शेवटीं, ग्रब नांवाचा लहानसा प्रोग्राम डिस्कवर बसवावा काय, असें विचारलें गेलें. अनोळखी इसमास नकार द्यावा, या धोरणानें आम्हीं नाहीं म्हटलें.

यंत्र सुरू होतांच डिस्कवरील लिनक्सला हांक मारून उठवितो, तो हाच ग्रब! काळ्या पडद्यावर, सुरू करण्याजोगें कांहींच सांपडत नाहीं, अशा अर्थाचें एक इंग्रजी वाक्य तेवढें उमटलें.

'सगळी दुपार फुकट गेली,' आम्हीं फोनवर कबुली दिली.

'गेली कुठें? पुसून टाका आणि पुन्हां करा.'

दुसऱ्या खेपेस सर्व जमलें. परवलीचा शब्द लिहितांना पडद्यावर एक ठिपकाहि उमटेना, तेव्हां कीबोर्ड मेला असें आम्ही समजलों. 'लिहीत राहा, बाबा,' एवढेंच ती म्हणाली. मग तिनें स्नॅपशॉट शिकविला. यंत्राची त्या क्षणाची स्थिति जपून ठेवावयाची. पुढें कांहीं बिघडलें तर त्या क्षणावर परत यावयाचें. परीक्षा पाहण्यासाठीं आम्हीं यंत्राचा एक महत्त्वाचा फोल्डर मुद्दाम पुसला. यंत्र गतप्राण झालें, आणि थोड्याच वेळांत पुन्हां पूर्ववत् बोलूं लागलें! आम्हांस लहान मुलासारखा आनंद झाला.

'म्हणजे ही पाटीच झाली कीं!' आम्ही म्हणालों.

पलीकडे ती क्षणभर थांबली. 'हो. माझ्या पाटीसारखी.'

'तुझी कसली पाटी? तूं तर वहींत लिहीत होतीस.'

'तुमच्या तांबड्या पेनाची भीति वाटायची, बाबा. म्हणून आधीं स्वयंपाकघरांत पाटीवर लिहायची. आई तपासून द्यायची. मग वहींत उतरवायची.'

आमच्या मुलीच्या वहींत खाडाखोड सांपडावयाची नाहीं, असें आम्ही तिच्या शाळेच्या दिवसांपासून चारचौघांत अभिमानानें सांगत आलों होतों. तांबड्या शाईनें चूक दाखवितां येते, हें खरें. पण चूक करावयास जागा लागते, ती शाईनें मिळत नाहीं. ती जागा तिनें आमच्याच घरांत, आमच्या पाठीमागें शोधली होती. आणि आज तशीच जागा तिनें आपण होऊन आम्हांस दिली, एकदांहि आवाज न चढवितां.

रात्रीं जेवतांना सौभाग्यवतीस विचारलें, 'ती पाटी अजून आहे काय?'

कोणती पाटी, असें तिनें विचारलें नाहीं. 'माळ्यावर आहे. चौकट तुटली आहे,' ती म्हणाली. 'काढायची आहे का?'

आम्ही हात धुऊन शिडी आणावयास उठलों.