रिकाम्या फेरीचे धक्के

खामगावच्या बाजार समितीत सोयाबीन उतरवून बोथा घाटाने बुलडाण्याला परतलो. जाताना पोत्यांच्या भाराने पिकअप शांत होती, येताना रिकामी उधळत राहिली. मागचे कमानपाटे ओझ्यासाठीच घडवलेले. वजन नसलं की ते दबत नाहीत, खड्डा थेट पाठीत चढतो. एखादा पाटा काढून टाक, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. पाटा काढल्यावर मागे ट्रॉली जोडली की गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड जाते. आणि घाटात ते जिवावरचं. त्यापेक्षा पाट्यांमधला गंज काढावा, झिजलेले बुश, शॉकअब्सॉर्बर बदलावेत, रिकाम्या फेरीला टायरची हवा कंपनीच्या आकड्याइतकीच ठेवावी. गाडी घेताना सगळे टनाचं विचारतात, चालवणाऱ्याच्या कंबरेचं कुणी विचारत नाही, याचं फार वाईट वाटतं. उद्या आधी बुश बघायचे.