आगोट भरायची तेव्हा

द्रोणागिरी डोंगराच्या आसपासच्या गावांत वाढलेल्या आम्हा साठीतल्या लोकांना मे महिना म्हटला की आंबा नंतर आठवतो, आधी सुकटीचा वास येतो. करंजाच्या बंदरात बांबूंवर बोंबील लटकलेले, अंगणात जवळा पसरलेला. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला लागणार, म्हणून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, भरती आधीच करायची. मिठागरातलं जाडं मीठ, तांदूळ, मसाला, चिंच, शेणी, लाकडं. चव आमच्या वाट्याला आली, ऊन मात्र आईच्या. जवळा सारखा हलवायचा, कावळे हाकलायचे, वळवाचा ढग दिसला की धावत गोळा करायचा. ‘पूर्वीचं खाणंच वेगळं’ म्हणून उसासे टाकणाऱ्यांत पुरुष जास्त असतात, ते उगाच नाही.

पहिला पाऊस पडला की चिरनेरकडच्या आदिवासी बायका शेवळं घेऊन दारात यायच्या. घसा खवखवू नये म्हणून त्यात काकडं घालायचीच. मग टाकळा, कुर्डू, पुढे कंटोली. रात्री बांधावर बत्ती घेऊन चिंबोऱ्या धरायला जाणं हा पोरांचा हक्क.

वाचनाचा ऋतू म्हणजे श्रावण. लावणी आटोपलेली, बाहेर चिखल आणि ओटीवर पोथी. आज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे वाचायला शाळेत जाणारं पोर लागे. श्रीधरस्वामींनी 1718 साली लिहून पुरं केलेलं ‘शिवलीलामृत’ आम्ही असं, अर्थ कळण्याआधी, मोठ्यानं वाचलं. अकरावा अध्याय तर दर सोमवारी. मध्येच शब्द गिळला की कोपऱ्यातून आजी तो बरोबर सांगायची, कारण तिला सगळं पाठ होतं. वाचनाची गोडी लागली ती या पहाऱ्याखाली. शाळेनं उगाच श्रेय घेऊ नये. दिवाळीला अंक यायचा एखाद्याच घरी आणि होळीपर्यंत आळीभर फिरायचा. 1973 पासून ‘कालनिर्णय’ निघू लागलं, तेव्हा भिंतीवर वाचायला आणखी एक सोय झाली. आई पान उलटून मागची पाककृती आम्हाला वाचायला लावायची, ऐकून घ्यायची आणि स्वतःच्याच पद्धतीनं करायची.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, ओवा, जाडं मीठ, जमलं तर अंडी, कोंबडी; तोंड पाल्यानंच गच्च बंद. पाण्याचा थेंबही आत घालायचा नाही. मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या पेटवायच्या. बाहेरून पाण्याचे शिंतोडे मारले आणि चर्र झालं की उतरवायचं.

सिडको 1970 साली आली, खाराची शेती भरावाखाली जाऊ लागली. 1984 च्या जानेवारीत जमिनीसाठी आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांवर जासई-दास्तानला गोळीबार झाला, त्यात माणसं गेली. त्यावर लिहायचं तर वेगळंच लिहावं लागेल. 1989 ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, मग पगाराची नोकरी आली, फ्रीज आला आणि आगोट भरण्याची निकड संपली. आईला त्याचं दुःख झालेलं मी तरी पाहिलं नाही.

पोपटी मात्र अजून लागते, द्रोणागिरी नोडमधल्या इमारतींच्या मधल्या रिकाम्या प्लॉटवर. भांबुर्डा तिथेच रानटी उगवतो, फुकट. शेंगा बाजारातून आणाव्या लागतात, आणि कोंबडी घालायची की नाही यावर दोन सोसायट्यांचं अजून एकमत नाही.