मिठाची पोती

माणसाच्या नशिबात काय लिहिलं आहे ते कपाळ पाहून कळत नाही म्हणतात. माझं नशीब मिशीवर लिहिलेलं होतं. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी खर्डेघाशी करतो, तिथले सुरक्षा अधिकारी निवृत्त झाले. नवा माणूस म्हणजे नवा पगार. तेव्हा साहेबांनी सगळ्या कचेरीवरून नजर फिरवली आणि ती माझ्या मिशीवर येऊन थांबली.

"कॉलेजात एन.सी.सी.त होता ना तुम्ही?"

होतो. परेडनंतर मिळणाऱ्या नाश्त्यासाठी होतो, हे सांगायच्या आत मी सुरक्षेचा 'अतिरिक्त कार्यभार' स्वीकारून बसलो होतो. आमच्याकडे अतिरिक्त याचा अर्थ बिनपगारी.

पहिल्याच आठवड्यात हेड ऑफिसचं पत्र आलं. महिनाअखेरपर्यंत 'संकट-व्यवस्थापन आराखडा' तयार करून, त्याप्रमाणे सराव घेऊन, अहवाल पाठवावा. माझ्या आयुष्यात संकटं पुष्कळ आली, पण ती आपली येत गेली आणि आमची ही त्यांचं व्यवस्थापन करत गेली. आराखडा कोणी मागितला नव्हता. शेवटी एका स्नेह्याकडून मुंबईकडच्या कुठल्याशा कारखान्याचा आराखडा मिळवला, नाव बदललं, 84 पानांना निळं बाईंडिंग केलं आणि साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी तो हातात तोलून पाहिला आणि "उत्तम!" म्हणाले. 'भरतीच्या वेळी कामगारांनी जेटीकडे जाऊ नये' हे कलम त्यांच्या नजरेतून सुटलं. वाळूजपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे ते एक कलम तरी आमच्याकडे कटाक्षानं पाळलं जातं.

त्याच रविवारी पुण्याहून मेहुणा आला. आमच्या शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी पाहुण्याला दौलताबाद-वेरूळ दाखवण्याचा यजमानधर्म काही बदललेला नाही. दौलताबादचा किल्ला मी इतक्या पाहुण्यांबरोबर चढलो आहे की पायऱ्या मला ओळखतात. पण सुरक्षा अधिकारी म्हणून चढत होतो तो पहिल्यांदाच. त्यामुळे ज्या दारांतून आजवर नुसता धापा टाकत गेलो, ती थांबून, मिशीवरून हात फिरवत पाहिली.

आणि खरं सांगतो, माझ्या 84 पानांची मला लाज वाटली. एकामागे एक तट. दरवाजांवर हत्तीला धडक मारता येऊ नये म्हणून लोखंडी खिळे. मग खडक कापून काढलेला खंदक, आणि वर डोंगराची बाजू अशी सरळ तासलेली की पालीनंसुद्धा विचार करावा. खंदकावरून आत जायला अरुंद वाट, आणि ती ओलांडली की 'अंधारी', म्हणजे खडकाच्या पोटातला वळणावळणाचा काळोखी जिना. त्याच्या वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून आत धूर कोंडायची सोय. वाटाड्या मोठ्या अभिमानानं म्हणाला, "साब, दुश्मन इधर घुसा तो समझो गया. अंधेरे में अपनेच लोगां को मारता!"

अंधारीत वटवाघळांचा वास आणि आमच्या हिचा आवाज यांच्या आधारानं आम्ही वर पोचलो. बारादरीत बसून दशम्या सोडल्यावर मी म्हणालो, "असा किल्ला हातात असता, तर मी आराखडा लिहिलाच नसता."

मेहुणा इतिहासाचा प्राध्यापक. त्यामुळे त्याला कुठलाही किल्ला पडलेलाच आवडतो. "1296 साली काय झालं ठाऊक आहे ना?" त्यानं सुरुवात केली. "आज दिसतात ते सगळे तट तेव्हाचे नव्हेत. पण देवगिरी तेव्हाही बेलाग होता. अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवराय यादवाची मुख्य फौज युवराजाबरोबर बाहेर. वर खिलजीनं आवई उठवली, मागून दिल्लीच्या सुलतानाची मोठी फौज येते आहे. राजा घाईघाईनं किल्ल्यात शिरला. गावात कोकणातून आलेल्या व्यापाऱ्यांची पोती पडली होती. धान्य आहे म्हणून ती वर नेली. पुढं वेढा पडल्यावर पोती उघडली, तर आत मीठ! असं फिरिश्ता लिहितो. तीनशे वर्षांनी लिहितो, पण लिहितो. मग तह, आणि खंडणी."

मी म्हणालो, "काय दैव बघा!"

त्यावर ही दशमीचा तुकडा मोडत म्हणाली, "दैव कसलं? पोती उघडून नाही का बघायची? मी वाण्याकडची पावशेर डाळसुद्धा आधी हातावर ओतून बघते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांसमोर आमच्या गोदामातलं एक लाल कपाट यायला लागलं. त्यावर 'आपत्कालीन साहित्य' असं लिहिलेलं होतं. आत काय आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. आराखड्यात मात्र त्याची मोठी यादी होती.

सोमवारी किल्ली मागितली. किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात आणि स्टोअरकीपर भाचीच्या लग्नात. कुलूप तोडलं. आत गणपतीच्या मखराचे पडदे, दिव्यांच्या माळा, एक बॅट, आणि तळाशी चार मुखवटे. त्यांचं रबर एकमेकांना असं चिकटलेलं की चारही जण एकदमच ते घालू शकले असते. बाहेर टांगलेल्या वाळूच्या बादल्यांत वाळूपेक्षा पानाची पिंक जास्त.

मग सराव. आमच्याकडे थंड ठेवायच्या यंत्रणेसाठी अमोनियाची टाकी आहे. ती फुटली असं समजून अकराला भोंगा वाजवला. काहींना वाटलं चहा झाला, काहींना वाटलं संप झाला. लिंबाखाली जमायचं होतं, कारण तिथं सावली होती. चार मिनिटांत जमायचं, असं माझं पान 17 म्हणत होतं. जमायला 19 मिनिटं लागली. पण हजेरीपट बरोबर जुळला. मी मिशीवर हात फिरवणार, तोच गेटवरचे मामा जवळ आले. मामा कंत्राटी रखवालदार. सुरक्षा अधिकारी मी असलो तरी सुरक्षा तेच करतात.

"सायेब, ह्यात आमी मोजलो का?"

नव्हतो मोजले. हजेरीपट कायम कामगारांचा. कंत्राटी चाळीस माणसं माझ्या आराखड्याच्या हिशेबी हवाच खात होती. कँटीनमधले दोघे तर आतच भांडी घासत होते. नळाच्या आवाजात त्यांना भोंगा ऐकू आला नव्हता. मामांसाठी मात्र एक ओळ होती : 'गेट बंद करून तेथेच थांबावे.' कुठवर थांबावे, काय घालून थांबावे, हे लिहिलेलं नव्हतं.

"आन दुपारून वारं टाकीकडून लिंबाकडंच येतं बगा," मामा म्हणाले. "मला रोज वास येतो."

किल्ल्यात शत्रू बाहेर असतो. कारखान्यात तो टाकीत असतो. आणि आमच्या आराखड्याची पहिली आज्ञा होती : दार लावा. अंधारी बांधणाऱ्यानं निदान शत्रूला कोंडलं. आम्ही मामांना कोंडणार होतो, तेही धुराच्या बाजूला.

मी अहवाल लिहिला. साहेबांनी वाचला आणि चष्मा काढला. "चार मिनिटं लिहा. पुढच्या वेळी होतीलच. आणि ते कंत्राटी, कँटीन वगैरे कशाला? कागद हेड ऑफिसला जायचाय."

साहेब वाईट माणूस नाही. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा राहिला होता. म्हणूनच नाही म्हणणं जड गेलं. मी आयुष्यात पुष्कळ खोट्या बिलांवर मुकाट सह्या केल्या आहेत, त्यामुळे सत्यवादीपणाचा आव आणायची सोयही नव्हती. मी एवढंच म्हणालो, "साहेब, 1984 च्या डिसेंबरात भोपाळलाही कागदावर सगळं होतं. पण वायू थंड ठेवायची यंत्रणा बंद होती, वायू जाळायच्या मनोऱ्याची नळी जागेवर नव्हती, आणि वस्तीसाठी वाजवलेला भोंगा लगेच बंद केला होता. म्हणून तर 1987 साली कारखान्यांचा कायदा बदलला आणि हे आराखडे आपल्या गळ्यात आले. आता त्यातही आपण मीठच भरायचं?"

"मीठ कुठलं?" साहेब म्हणाले.

मी दौलताबादची हकीकत सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सही तुमची आहे. तुमचं तुम्ही बघा." आमच्या कचेरीत याला परवानगी म्हणतात.

मी 19 लिहिले आणि सही केली. हात थोडा कापला. मिशीचा काही उपयोग झाला नाही. आता नोकरीवर येतं की काय, म्हणून पंधरा दिवस मी पोस्टमनला टाळत होतो. शेवटी हेड ऑफिसचं उत्तर आलं : 'अहवाल मिळाला. आराखड्याचे बाईंडिंग समाधानकारक.'

मुखवटे बारा मिळाले, चाळीस मागितले होते. जमायची जागा हलली, कारण जागा हलवायला पैसे पडत नाहीत. कँटीनमध्ये भोंग्याबरोबर लागणारा लाल दिवा बसला. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मी आणि मामा लाल कपाट उघडून पाहतो. किल्ली आता गेटवर टांगलेली असते.

नव्या आराखड्याची यादी मामांना दाखवली. पहिलंच नाव त्यांचं. पुढं लिहिलं होतं : 'मुखवटा घालून गेट उघडे ठेवावे, सर्व बाहेर पडताच स्वतः निघावे.' मामांनी ते बोट ठेवून तीनदा वाचलं. डोळे पुसले की काय असं मला वाटलं. मग जरा अवघडून म्हणाले,

"सायेब, समदं झ्याक हाय. पन हे संकट येनार कवा? न्हाई, सोमवारी माजी सुट्टी आसती."