पंच, प्रशिक्षक आणि मधली मुलं

18 ऑगस्ट
रत्नागिरीत पावसाची उघडीप नाही. तालुक्याचे शालेय कबड्डी सामने छपराखाली, मॅटवर. 14 वर्षांखालील मुलं. शेवटची दोन मिनिटं, दोन गुणांचा फरक. चढाईपटूनं बोनस रेषेपलीकडे पाय टाकला, मागचा पाय हवेत, अगदी स्वच्छ. मी बोनस दिला नाही. बाकावरून त्याच्या संघाचे सर तरातरा लॉबीपर्यंत आले. "ओ पंच, बोनस कुठे गेला?" सरपंचांनी, म्हणजे मुख्य पंचांनी, वेळ थांबवली. मी कर्णधाराला बोलावलं आणि त्यालाच सांगितलं, "समोर पाचच जण होते. सहा असले तरच बोनस." पोरानं मागे वळून बोटानं मोजले, मान डोलावली. सरांनाही ऐकू गेलं होतं. खेळ लगेच सुरू झाला.

19 ऑगस्ट
कालचा वाद नियमाचा होता, म्हणून उत्तर द्यायलाच हवं होतं. एकदा, थोडक्यात, कर्णधाराला. पण बोट लागलं की नाही, पाय आधी रेषेबाहेर गेला की आधी स्पर्श झाला, हा नजरेचा प्रश्न. तो शिट्टीनंतर उकरायचा नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. शंका असेल तर हात वर करण्याआधी समोरच्या पंचाकडे बघावं. दोघांचं जुळलं नाही तर सरपंच आहेतच. नियमात तशी सोय आहे. निर्णय दोन क्षण उशिरा आला तर काही बिघडत नाही. प्रशिक्षक ओरडल्यावर तो फिरला, तर पुढचा प्रत्येक सामना ओरडूनच खेळला जातो.

22 ऑगस्ट
आज वाईट वाटलं. एक सर सामनाभर पंचांच्या नावानं बोलत राहिले. उत्तरार्धात त्यांचा कोपरारक्षक, तेरा वर्षांचा असेल, बाद झाल्यावर माझ्याकडे बोट रोखून उभा राहिला. हुबेहूब सरांसारखा.

निर्णयाबद्दल पंचांशी सतत हुज्जत घालणं हा फाउल. बाहेरून सूचना देणं हाही फाउल. जिल्ह्यात हे सगळ्यांना पाठ आहे, पण लावत कोणी नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे क्रीडाशिक्षकच पंच. आज ज्यांना ताकीद द्यायची, तेच उद्या लांजा किंवा संगमेश्वरच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभे, आणि माझा संघ त्यांच्यासमोर. ही भीड मोडायची तर पहिल्या पाच मिनिटांतच मोडावी. जवळ जाऊन, हळू आवाजात, "सर, पुढच्या वेळी कार्ड." आणि पुढच्या वेळी खरोखर हिरवं कार्ड, चेहऱ्यावर राग न आणता. शेवटच्या मिनिटाला काढलेलं कार्ड सूड वाटतं.

25 ऑगस्ट
फुटबॉलवाल्यांनी 2019 पासून प्रशिक्षकालाही पिवळं-लाल कार्ड दाखवायला सुरुवात केली. बाकावरून कोण बोललं ते कळलं नाही, तर कार्ड मुख्य प्रशिक्षकाला. 2024 च्या युरो स्पर्धेत रेफरीकडे निर्णयाचा खुलासा मागायची मुभा फक्त कर्णधाराला होती. आपल्या शालेय सामन्यांत हे दोन्ही जसंच्या तसं हवं.

पुढच्या आठवड्यात जिल्हास्तर. येणाऱ्या सगळ्या सरांना आणि मॅडमना मी नाणेफेकीआधीच विनंती करणार आहे : शंका असेल तर कर्णधाराला पाठवा, त्याला नीट उत्तर मिळेल. तुम्ही बाकावरच बसा.