हानले: अंधार जपणारं गाव
लडाखमधल्या हानले गावात रात्री खिडक्यांना जाड पडदे लागतात, कारण इथलं काळोखं आकाश २०२२पासून राखीव आहे. गावकरीच दुर्बिणी लावून पाहुण्यांना तारे दाखवतात. हिवाळ्यात वृषभ राशीच्या शिंगाच्या टोकाजवळ धुराच्या पुंजक्यासारखा फिकट ठिपका दिसतो. तो क्रॅब नेब्युला, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी हा स्फोट नोंदवला; २३ दिवस तो भरदिवसाही दिसत होता. अवशेष मात्र १७३१मध्ये जॉन बेव्हिसला आणि १७५८मध्ये धूमकेतू शोधणाऱ्या शार्ल मेसिएला दिसले. मेसिएच्या प्रसिद्ध यादीत पहिला क्रमांक त्यांचाच! सुमारे ६,५०० वर्षं प्रवास करून आलेला हा प्रकाश शहराच्या झगमगाटात हरवतो. म्हणून हानलेला गेलात, तर गाडी थांबल्यावर आधी दिवे बंद करा.