अरन आणि रान

२०२५ च्या जूनमध्ये थायलंडने कंबोडियाच्या सीमेवरची नाकी बंद केली, आणि जुलैत तर दोन्ही देशांत लढाईच जुंपली. त्या दिवसांत बातम्यांमध्ये एक नाव सारखं यायचं, अरण्यप्रथेत. मराठीच्या मास्तराला असं नाव दिसलं की राहवत नाही हो! अरण्यप्रथेत म्हणजे सरळ सरळ अरण्यप्रदेश.

बँकॉकच्या पूर्वेला सा केओ प्रांतातला हा तालुका. पलीकडे कंबोडियाचं पोईपेत. बँकॉकहून निघालेली रेल्वे १९२६ साली इथवर पोचली.

नावाची घडण मोठी मजेशीर आहे. पहिला भाग पालीतल्या 'अरञ्ञ'वरून आलेला, म्हणजे बौद्ध धर्माच्या वाटेने. दुसरा संस्कृत 'प्रदेश'. थाई लिपीत तो लिहिताना शेवटी आजही तालव्य 'श'च असतो, पण शब्दाच्या शेवटी त्यांची जीभ 'त' म्हणते. म्हणून प्रथेत. आपल्याकडे प्रदेश हा देशाचा एक भाग, तिकडे 'प्रथेत' म्हणजे अख्खा देश! थायलंडचं त्यांच्या भाषेतलं नावच मुळी 'प्रथेत थाय'.

असं काही दिसलं की आपल्याकडे लगेच 'बघा, आपली भाषा कुठवर पोचली!' असे निरोप फिरायला लागतात. मला ते पटत नाही. शेकडो वर्षं जो शब्द त्यांच्या तोंडी घोळला, तो त्यांचाच झाला. आता हेच बघा, तिथली माणसं एवढं लांबलचक नाव न घेता नुसतं 'अरन' म्हणतात. आणि आपणही अरण्याचं काय केलं? 'रान' केलं! तत्सम-तद्भव शिकवताना हे उदाहरण मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, पण त्याचा सख्खा भाऊ थायलंडच्या सीमेवर राहतो, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

आपल्या रानाचं पुढे आणखी एक झालं. गावाकडे 'अण्णा रानात गेलेत' म्हटलं की कुणी झाडी डोळ्यांसमोर आणत नाही. अण्णा शेतात गेलेले असतात. झाडी तोडून शेत केलं, नाव मात्र रानच राहिलं. अरण्यप्रथेतचंही तेच. तिथे आता भातखाचरं, ऊस आणि साबुदाण्याच्या कंदाची शेतं. १९६१ साली थायलंडचा निम्म्याहून जास्त भाग जंगलाखाली होता, पुढच्या तीस वर्षांत तो जवळजवळ निम्म्यावर आला. १९८८ च्या महापुरानंतर, १९८९ मध्ये सरकारने देशभर लाकूडतोड थांबवली.

१९७९ मध्ये कंबोडियातून जीव मुठीत धरून माणसं याच सीमेवर आली. गावाच्या उत्तरेला खाओ-इ-दांगच्या पायथ्याशी त्यांची छावणी उभी राहिली. लाखाच्या वर माणसं! ती १९९३ मध्ये बंद झाली. रामायण ऐकत वाढलेल्या आपल्याला अरण्य म्हटलं की वनवास आठवतो. पण त्या वनवासाला चौदा वर्षांची मुदत तरी होती. छावणीतल्या माणसांना ती कुणी सांगितली असेल?

आणि आता पुन्हा त्याच सीमेवर फाटक बंद, अशी बातमी. नकाशावर ते नाव दिसलं की मी आता ते 'अरण्यप्रदेश' असं वाचत नाही. तिथल्या लोकांसारखं नुसतं 'अरन' म्हणतो. आपल्या 'रान'च्या ते जास्त जवळ वाटतं.